साडेचार बोटांचा तंबू

सयाजीनं आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या भावाला घेतली नव्हती. लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यानं भटजींशी घासाघीस करून वीस मिनिटं अलीकडं आणला होता, असं उचगावात बोललं जायचं, आणि त्यानं ते कधी खोडून काढलं नव्हतं.

त्याची बायको संयोगिता दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कशात किती पाणी आहे हे तिला लगेच कळायचं. लग्न झाल्यावर तिनं नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. राधानगरीला जाऊन काजवे बघायचे. झाडंच्या झाडं लुकलुकतात म्हणे.

"एवढंच व्हय? जाऊ की," सयाजी म्हणाला होता. "आधी तंबू घेऊ. स्वस्तात गावला की निघालोच."

याला सहा वर्षं झाली. काजवे वर्षातून जेमतेम तीन आठवडे असतात आणि तंबूवरची सूट नेमकी त्यानंतर लागते, एवढीच अडचण होती.

मधल्या काळात बाकीचं सामान मात्र जमत गेलं. एक होकायंत्र होतं. ते फक्त दक्षिण दाखवायचं, बाकी दिशांना सुई अडायची, म्हणून पाव किमतीत मिळालं. "एक दिशा कळली की उरलेल्या तीन फुकट," असा सयाजीचा हिशोब. दोन स्लीपिंग बॅगा होत्या. त्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच्या होत्या, पण एक पायाकडून आणि एक डोक्याकडून घातली की सयाजी पूर्ण झाकला जायचा. फक्त मग त्याला बोलता यायचं नाही. संयोगिताला ही सोय बरी वाटायची. एक विलायती कुऱ्हाड होती, तिला दांडा नव्हता. दांडा तोडायला कुऱ्हाड लागते, म्हणून ती तीन वर्षं फ्रिजवर पडून होती.

यंदा संयोगितानं काही न बोलता शनिवारची रजा टाकली आणि कपड्यांची पिशवी भरून दारात ठेवली.

"शनवारी संध्याकाळच्या एस्टीनं मी राधानगरीला चाललोय," ती म्हणाली. "तंबू असला तरी जाणार, नसला तरी जाणार. तुमी असला तरी जाणार, नसला तरी जाणार."

"अगं, पण पुढच्या म्हैन्यात मोठा सेल लागतोय..."

"त्या सेलात काजवं ठेवणार हाईत का?"

सयाजीला पहिल्यांदाच भीती वाटली. सहा वर्षांत तिनं आवाज चढवला होता, भांडी आपटली होती, पण पिशवी भरली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो शहरात शमशुद्दीनचाचांच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकान मुळात ताडपत्री आणि दोरखंडाचं. पण पोरं गड चढायला लागल्यापासून चाचा जुने तंबूही ठेवायचे. एखादा हौशी गडी वीस हजारांचा तंबू घेतो, एक रात्र काढतो, पाठ धरते, आणि सोमवारी तंबू चाचांच्या दुकानात येतो. दुकानाच्या मधोमध असाच एक गोल घुमटाचा, पोपटी, दोन माणसांचा तंबू उभा होता. सयाजीला तो बघताक्षणी आवडला, म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं.

"ह्ये पोपटी काय? केवढ्याला?"

शमशुद्दीनचाचांनी दुखावल्यासारखं बघितलं. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारातले नावाजलेले दलाल. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून त्यांनी अख्ख्या जिल्ह्याच्या बैलांचे सौदे केले होते. चाचांनी धंदा बदलला होता, पण रीत सोडली नव्हती. दुकानात कशावरच किंमत लिहिलेली नव्हती.

"पावणं, भाव उघड्यावर सांगायला ही मेथीची पेंडी हाय व्हय?" ते म्हणाले. "हात द्या. रुमालाखाली बोलू."

सयाजीनं हात दिला. चाचांनी स्वतःचा खांदा चाचपला. रुमाल नव्हता.

"रुमाल धुतलाय," आतून त्यांच्या बेगम हुसेनबी म्हणाल्या. "वाळतोय."

दोघं हातात हात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहिले. दुकानातलं सगळं कापड एक तर गुंडाळलेलं होतं, नाहीतर तंबू होऊन उभं होतं.

"असं करू," चाचा म्हणाले. "कापडाखाली जायचं न्हवं? हेच्यातच जाऊ."

आणि दोघं वाकून तंबूत शिरले. चाचांनी चेन ओढून घेतली.

आतली रीत सोपी होती. भाव बोलणाऱ्यानं आपली बोटं समोरच्याच्या तळहातावर दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार. चाचांनी पाच बोटं दाबली, मग वर तीन. आठ हजार. सयाजीनं पंजाची पाची बोटं दाबली. पाच हजार.

चाचांनी सयाजीचा पंजा निरखून चाचपला. "साडेचार?" ते म्हणाले. "लईच कमी बोलालाईसा."

सयाजी उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ यंत्रावर काम करायचा. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चार वर्षांपूर्वी लेथनं निम्मं ठेवलं होतं. त्या अपघातात काही फायदा आहे हे त्याला आत्ता कळलं.

"व्हय, साडेचारच," तो म्हणाला.

"बोट अर्धं म्हणून भाव अर्धा न्हाय हं पावणं. बोट हाय म्हणजे हजार."

"आत्ता तुमीच मोजलासा की! तुमच्या तोंडातनं आलंय साडेचार."

"मग तुमी सात म्हणाला तर मी साडेसहा धरू व्हय? ह्यो खुदाच्या घरचा न्याय न्हाय!"

तासाभरानं दोघांचं एकमत झालं की हा प्रश्न तिसऱ्या जाणत्या माणसानं सोडवायला पाहिजे. हुसेनबींनी फोन केला आणि जनावरांच्या बाजारातले दोन जुने दलाल आले. हंबीरराव हे मिशांचे, आणि आण्णा हे बिनमिशांचे. त्यांना अंधारातसुद्धा लोक असे चाचपून ओळखायचे. सयाजी आणि चाचा बाहेर आले. अर्धं बोट कसं दाबलं गेलं ते एकमेकांच्या हातावर दाखवून ठरवू, असं म्हणून दोघं म्हातारे तंबूत शिरले. चेन बंद झाली.

अर्धा तास झाला. तास झाला. आतून फक्त हंबीररावांचं "अंहं" आणि आण्णांचं "ह्यॅ" ऐकू येत होतं.

"निकाल लागला का?" सयाजीनं चेनला तोंड लावून विचारलं.

"कसला निकाल?" आतून आण्णा म्हणाले. "गप उभा ऱ्हा. म्हशीचा सौदा चाललाय."

झालं होतं असं, की हंबीररावांची एक मुऱ्हा म्हैस आण्णांना दोन वर्षांपासून हवी होती. हात हातात आले, वर कापड आलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बोटं आपोआप चालू पडली.

"त्यांना बाहेर काढा की," सयाजी म्हणाला.

शमशुद्दीनचाचांनी कानाला हात लावला. "कापडाखाली हात लागल्यावर तिसऱ्यानं सौदा मोडला तर जनावर आटतंय. माझ्या अब्बांनी डोळ्यानं बघितलंय."

दुपार गेली, संध्याकाळ गेली. हुसेनबींनी चेन वीतभर उघडून भाकरी आणि मटणाचा रस्सा आत सरकवला. थोड्या वेळानं मोकळ्या वाट्या बाहेर आल्या. हात कसे सुटले आणि कसे जेवले हे कोणी विचारलं नाही. सयाजी घरी गेला. संयोगितानं पिशवीत आणखी एक स्वेटर घातला. एकच.

शनिवारी दुपारी सयाजी तंबूसमोर स्टुलावर बसला होता, आणि आतली म्हैस अजून दोन बोटांवर अडली होती. एवढ्यात खांद्याला पिशवी लावून संयोगिता दुकानात आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, तंबूकडं बघितलं आणि आतलं "अंहं" ऐकलं. सयाजीनं तिला सगळं सांगितलं. तिला हसू आलं नाही, म्हणून तो जास्तच घाबरला.

"सौदा मोडायचा न्हाई, हे बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. "आमच्याकडं दुधाचं संकलन आधीच घटलंय." मग ती चाचांकडं वळली. "चाचा, तंबू हाय असा केवढ्याला?"

"हाय असा म्हंजे?"

"आतल्यांसकट."

शमशुद्दीनचाचा विचारात पडले. सयाजीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. दोन माणसांच्या तंबूवर दोन माणसं फुकट! असली ऑफर त्यानं कुठंच बघितली नव्हती.

बाईमाणसाचा हात हातात कसा घ्यायचा म्हणून चाचांनी हुसेनबींना पुढं केलं. हुसेनबींनी पदर पसरला. संयोगितानं त्याखाली हात घातला. सयाजीनं मान लांब केली. दोन श्वास झाले आणि हुसेनबी म्हणाल्या, "झालं."

"कितीला?" सयाजीनं विचारलं.

"पदराखालचं बाहेर काढत न्हाईत, बेटा."

संयोगितानं मोबाईलवरून पैसे भरले. दुकानात रक्कम मोठ्यानं ओरडणारा डबा होता, पण गुप्तता म्हणून चाचांनी तो बर्फात वापरायच्या जाड स्लीपिंग बॅगेत गुंडाळून ठेवला होता. त्यातून फक्त "म्म म्म हजार म्म रुपये" एवढं आलं. सयाजी त्या बॅगेला कान लावून पुन्हा ऐकायला बसला, पण डबा एकदाच बोलतो.

चाचांचा पुतण्या वसीम टेंपो घेऊन आला. तंबूला खालूनही कापड होतं. सहा हमालांनी कडा धरून तो पंगतीतल्या ताटासारखा उचलला. आत हंबीरराव फक्त एवढंच म्हणाले, "भूकंप असंल. हात सोडू नगंस."

राधानगरीच्या अलीकडं नाक्यावर एका पहारेकऱ्यानं टेंपो थांबवला. "आत कोण हाय?"

"म्हशीचा सौदा चाललाय," संयोगिता म्हणाली.

पहारेकऱ्यानं चपला काढून हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून बोटांवर चालत गेला आणि आडवा बांबू हळूच वर केला.

वसीमच्या ओळखीच्या एका शेताच्या कडेला, जंगल सुरू व्हायच्या अलीकडं, त्यांनी तंबू उतरवला. अंधार पडला. आत जागा नव्हती, म्हणून नवराबायको बाहेर घोंगडं टाकून बसले.

सयाजी अस्वस्थ होता. "साडेचारच्या खाली का वर, एवढं तरी सांग."

"बघा की."

"सांगितलंस तर बघतो."

आणि समोरचं झाड लुकलुकलं. मग शेजारचं. मग सगळा उतार एकदम उजळला, एकदम विझला, जणू कुणीतरी आत बसून बटण दाबत होतं. संयोगिता तोंड उघडं टाकून बघत राहिली. सयाजीनं आधी तिच्याकडं बघितलं आणि मग, सहा वर्षांत पहिल्यांदा, झाडाकडं.

"अगं," थोड्या वेळानं तो म्हणाला, "आपल्याला तंबू लागलाच न्हाई की."

"सा वर्सं हेच सांगालतो," संयोगिता म्हणाली.

मागं चेन सरकली. हंबीरराव आणि आण्णा एकमेकांचा हात सोडत, कमरा चोळत बाहेर आले. म्हैस ठरली होती. दोघांनी अंधाराकडं आणि लुकलुकणाऱ्या उताराकडं बराच वेळ बघितलं.

"शमशुद्दीननं दुकानात लायटिंग मस्त केलंय," आण्णा म्हणाले.

"दुकान मोठं पण केलंय," हंबीरराव म्हणाले.

आण्णांनी सगळ्यात भरगच्च झाडाकडं बोट दाखवलं. "ते मधलं केवढ्याला देणार असंल?"

हंबीररावांनी आजूबाजूला दचकून बघितलं. "उघड्यावर काय बोलालाईस? आत चल."

दोघं परत तंबूत शिरले आणि चेन बंद झाली. लगेच आतून "अंहं" ऐकू आलं.

झाडाचा सौदा! सयाजीनं कान टवकारले. काजव्यांसकट झाड, आणि तेही हंगाम संपत आल्यावर, म्हणजे भाव नक्की पडलेला असणार. तो घोंगड्यावरून निम्मा उठला.

संयोगितानं झाडावरची नजर न काढता घोंगड्याची कड दोघांच्या हातांवर ओढली आणि तिच्याखाली त्याचं अर्धं बोट घट्ट धरलं.

सयाजी खाली बसला. अर्ध्या बोटाचे किती झाले, हे त्यानं विचारलं नाही.