पोटावरचे तीन डाग

डोली कर्जतच्या दवाखान्यात टेकली तेव्हा चांगो माणसं ओळखेनासा झाला होता. त्याची बायको बुधी मात्र वेगळ्याच भीतीनं अर्धमेली झाली होती. नवऱ्याच्या पोटावर तिनं हळदपाल्याचा जाड लेप थापला होता, आणि तो डॉक्टरांनी खरवडू नये म्हणून ती देवाला आळवत होती.

डोंगरातल्या त्यांच्या वाडीत पोट दुखलं की दुखेल तिथं तापल्या विळ्याचा डाग देत. बुधीनंही दिले होते. पण गेल्या साली शेजारच्या मंगळीनं पोर डागून आणलं, तेव्हा कर्णिक डॉक्टर तिच्यावर कडाडले होते, "पुन्हा डागलेला माणूस आणलात तर हात लावणार नाही!" डॉक्टर मनाचे मऊ होते हो, पण जिभेला हाड नाही, त्याला काय करणार?

डॉक्टरांनी पोट दाबलं. फळीसारखं घट्ट.

"आत काहीतरी फुटलंय. दुखायला सुरुवात कुठं झाली, बाई?"

"समदीकडं," बुधी पुटपुटली.

"जठर, आतडं की आंत्रपुच्छ? जागा चुकली तर टेबलावरच जाईल हा. मुंबईला न्यावं, तर तोवर टिकायचा नाही." डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. ते येरझाऱ्या घालू लागले. दुपार झाली. चांगोला उचकी लागली, तसा बुधीचा धीर सुटला. तिनं ओल्या पदरानं लेप पुसून काढला.

"मारा मला, सायेब. पन त्याला हात लावा!"

तीन डाग. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मग ते एकदम वाकले. बेंबीजवळचा डाग सुकलेला, उजवीकडे उतरलेला दुसरा खपलीचा, आणि कमरेच्या हाडाजवळचा अजून फोडासकट ताजा.

"ह्याच क्रमानं दिलेस? दुखणं सरकलं तसे?"

"व्हय. दुखंल तितं."

"आंत्रपुच्छ! पाणी उकळा!"

ताज्या डागाशेजारीच त्यांनी सुरी लावली. बाहेर बुधी तोंडात पदर कोंबून बसली होती.

चौथ्या दिवशी चांगोनं पेज मागितली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "मंगळीलाही सांग, माणूस डागू नका म्हणावं. तिचं पोर कसं आहे?"

बुधीनं मान खाली घातली.

"पावसाळ्यात गेलं, सायेब. पुन्यांदा दुखलं तवा तिनं आदी डागलं. मंग तुमच्याकडं आनायचा धीर नाय झाला तिला."