कोळशावरचा निळा

विज्ञान फक्त पुरावा मानतं. कुणाच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नसते. या कॉलेजच्या रसायनशाळेत मात्र ते गेली सव्वीस वर्षं वरच्या वर्गाच्या वह्यांवरून उतरवून घेतलं जात होतं, आणि तब्येतीने ठणठणीत होतं.

द्रावणांच्या बाटल्या भरणारे मामा ही सव्वीस वर्षं तिथेच होते. येत्या शनिवारी त्यांची निवृत्ती. बुधवारी परीक्षेच्या सरावात एका मुलीने हाक मारली.

प्रयोग साधा. कोळशाच्या खळग्यात पांढरी पूड ठेवायची, तिच्यावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकायचा आणि फुंकनळीने ज्योत मारून लालबुंद होईपर्यंत तापवायची. पूड निळी झाली तर ॲल्युमिनियम, हिरवी झाली तर जस्त.

"मामा, माझी काळी झाली."

"सगळ्यांचीच होते. निळा लिही."

"तुम्ही पाहिलाय का हो निळा?"

टेबल पुसणारा मामांचा हात थांबला. हजारो वह्यांत त्यांनी निळा वाचला होता. कोळशावर एकदाही पाहिला नव्हता. आणि द्रावण तर त्यांच्याच हातचं! चांगलं डाळिंबाच्या रसासारखं गडद. मामांनी कधी हात आखडला नव्हता. मग एवढ्या पोरांना खोटं लिहायला लावणारे आपणच की काय? हा काटा घेऊन शनिवारी घरी बसायचं त्यांच्या जिवावर आलं.

ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

"सर, तो निळा कसा असतो हो?"

"कसा म्हणजे? निळा असतो."

"तुम्ही पाहिलाय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी शिकवलाय," ते म्हणाले.

संध्याकाळी बायको निरोपसमारंभाचा पांढरा सदरा धूत होती. मदत म्हणून मामांनी नीळ ओतली. ओतली म्हणजे ओतलीच.

"अहो, अहो! बादली काळीठिक्कर केलीत. थेंबभर घालायची असते, ती पण ढीगभर पाण्यात. जास्त झाली की निळीची निळाई राहते का?"

मामा ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. "परत म्हण," ते म्हणाले.

"काय परत म्हणू? सदरा गेला!"

गुरुवारी सकाळी आठला मामांनी एका भागाला वीस भाग पाणी घातलं. डाळिंबाच्या रसाचं फिकट गुलाबी पाणी झालं. त्यांना अगदी कंजूषपणा केल्यासारखं वाटलं. तुरटीत ॲल्युमिनियम असतंच; ती तापवून उरलेल्या पांढऱ्या पुडीवर एकच थेंब टाकला आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. कोळसा निवला तेव्हा खळग्यात निळा होता. स्वच्छ, ढळढळीत निळा. मामा स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

सर आले, वाकले, दोनदा वाकले. "बरोबर आहे. नायट्रेट जास्त झालं की तापून त्याचा काळा ऑक्साइड उरतो आणि तो सगळ्यावर पांघरूण घालतो. मला माहीतच होतं."

"मग सर, सव्वीस वर्षं..."

"तुम्ही विचारलं नाहीत."

मामांनी बाटली नव्याने भरली आणि दिवसभर भेटेल त्याला कोळसा दाखवला. शिपायाला, ग्रंथपालाला, झाडून सगळ्या वर्गाला. "येतो रे निळा! मी या डोळ्यांनी पाहिलाय. आता निर्धास्त लिहा."

शुक्रवारी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सीलबंद पाकिटातली एकच पूड सगळ्यांना वाटली. पोरं गेल्यावर मामा शेवटचे कोळसे गोळा करायला निघाले. एकतीस कोळसे. त्या मुलीचाही त्यात होता. एकाही खळग्यात काळं नव्हतं. सगळे हिरवेगार होते.

एकतीस उत्तरपत्रिकांत निळा होता.