सिलिकॉनची रिकामी चौकट

पापुद्रा. कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ, नखाएवढा, पिस्तुलासारख्या त्या यंत्राच्या नाकावर ताणून बसवलेला. तिचं बोट आपोआप त्याच्याकडे गेलं.

"हात नका हं लावू मॅडम," यंत्र दाखवायला आलेली विक्रेती म्हणाली, "ह्याच्या मागेच किरण टिपणारा डिटेक्टर असतो."

तिनं बोट मागे घेतलं. एकवीस वर्षं ह्या तेलशुद्धीकरण कारखान्यात धातू तपासण्यात गेली होती तिची. यंत्र पाइपाला टेकवायचं, घोडा दाबायचा, पडद्यावरचे आकडे वाचायचे — क्रोम इतकं, निकेल इतकं — आणि हिरवा शिक्का मारायचा. फिटर लोक मागे तिला 'शिक्केवाली' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

समोर खरेदीचा फॉर्म. डिटेक्टरचा प्रकार : पिन किंवा ड्रिफ्ट. त्याखाली, निवडीचं कारण. चार कोऱ्या ओळी. संध्याकाळपर्यंत साहेबांकडे जायला हवा.

"तुमचं जुनं यंत्र पिनचं ना? चांगलंच असतं ते. जड धातूंना काहीच अडचण नाही. फक्त हलकी मूलद्रव्यं दिसत नाहीत त्याला... ॲल्युमिनियम, सिलिकॉन वगैरे. ड्रिफ्टला दिसतात."

वगैरे... आठ वर्षांपूर्वी ह्याच खोलीत एका विक्रेत्यानं तिला हेच विचारलं होतं, आणि ती हसून म्हणाली होती, "सिलिकॉन काय चाटायचंय? आम्हाला क्रोम-निकेल दिसलं की गंगेत घोडं न्हालं!" तोही हसला होता. सगळेच हसले होते. तेव्हापासून जुन्या यंत्राच्या पडद्यावर सिलिकॉनपुढची चौकट रिकामीच येई, आणि रोज दिसणारी रिकामी जागा माणसाला दिसेनाशी होते, तशी ती तिला दिसेनाशी झाली होती. दीड वर्षापूर्वीपर्यंत. दीड वर्षापूर्वी दादाच्या पाळीत भट्टीमागचा एल्बो — पाइपाचा वळणाचा तुकडा — फुटला.

दादा. तिला शिकवायचं म्हणून स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून भट्टीवर ऑपरेटर झालेला तिचा थोरला भाऊ. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, कानापासून गळ्यापर्यंत कातडी मेणासारखी झाली, पण जगला. चौकशी समितीनं तिचा अहवाल वाचला : धातू योग्य, तपासून शिक्का मारलेला. मग धातूचा दोष नाही, म्हणजे तापमान चढलं असणार, म्हणजे दुपारी जेवणानंतर ऑपरेटरला डुलकी लागली असणार... किती सरळ उतरंड, आणि तिच्या तळाशी माझा शिक्का. दादाची नोकरी गेली.

तिनं विचारलं, "हे यंत्र तासभर ठेवून घेऊ?"

"ठेवा की. मी चहा घेऊन येते."

भांडाराच्या मागच्या रॅकवर त्याच खेपेचे सहा एल्बो उरले होते. ते तिथं आहेत हे तिला दीड वर्ष ठाऊक होतं. दीड वर्ष ती त्या गल्लीतून गेली नव्हती. काही लागलंच तर भांडारवाल्याला पाठवायची. गरम तेलातलं गंधक पोलादाला आतून खातं. पोलादात चिमूटभर सिलिकॉन असलं तर सावकाश खातं, नसलं तर वाळवीसारखं. हे तिनं अपघातानंतर वाचलं होतं. आधीही वाचलं असेल, परीक्षेपुरतं... पुरवठादाराच्या दाखल्यावर सिलिकॉन भरपूर लिहिलेलं होतं. दाखला कागदावर होता. पडताळायला मी होते.

तिनं ग्राइंडरनं एल्बोचा रुपयाएवढा भाग घासून चकचकीत केला. यंत्र टेकवलं. घोडा दाबला. एक, दोन, तीन... वीसपर्यंत मोजताना तिला वाटलं, भरपूर येऊ दे. आकडा भरपूर आला तर माझा शिक्का खरा, आणि मग दादाला खरंच डुलकी — आपण काय मागतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. तरी घोड्यावरचं बोट तेच मागत होतं.

सिलिकॉन : शून्य पूर्णांक शून्य दोन.

हवं होतं निदान शून्य पूर्णांक एक. दुसरा एल्बो. तिसरा. सहाही तेच. खेप बारांची होती : सहा इथं, एक फुटला... पाच. पाच अजून लाइनमध्ये, भट्टीमागे, तापलेल्या तेलानं भरलेले, आतून किती उरलेत कोण जाणे, आणि बाहेरून त्यांच्यावर हिरवा शिक्का. आता तिथं दुसरं कुणीतरी पाळीवर होतं. डबा उघडून बसलं असेल.

कारणाच्या चार ओळींत काय लिहू? 'अधिक अचूकतेसाठी' लिहिलं तर साहेब म्हणतील, जुनंच छान चालतंय की, आणि पुन्हा पिन येईल. खरं लिहिलं तर यंत्राआधी मी तपासली जाईन. आणि खरं एकदा बाहेर पडलं की चार ओळींत मावणार थोडंच होतं? भट्टी थंड करा, पाच एल्बो काढा, आठ वर्षांतला माझा प्रत्येक शिक्का पुन्हा तपासा... आणि वहिनी. वहिनी, जी दादाच्या हाताला मलम लावताना म्हणाली होती, "तुझ्यासारखी बहीण आहे म्हणून निभावलं गं."

फोन तिनंच लावला. का लावला ते तिला कळलं नाही.

"दादा, जेवलास?"

"जेवलो. ह्या वेळी कसा काय फोन? बरी आहेस ना?"

"दादा... त्या दिवशी तुला डुलकी लागली होती?"

तो म्हणाला, "आधी वाटायचं, नाही. मीटरवर नजर होती माझी, आकडाही आठवतो. पण लागली असेल गं एखादा क्षण. चौकशीवाली शिकलेली माणसं, ती उगाच का म्हणतील? आता तर मला आठवतंसुद्धा... मान कलली होती."

त्याला आठवत होतं. जे घडलंच नाही ते त्याला आठवू लागलं होतं. त्यानं ते दीड वर्ष रोज थोडं थोडं आठवून बसवलं होतं, आणि ती दर रविवारी त्याच्यासमोर बसून फळं कापून देत होती.

"मान कलली नव्हती, दादा," ती म्हणाली. "तू जागा होतास."

"तुला काय माहीत?"

शून्य पूर्णांक शून्य दोन. भांडाराच्या पत्र्याखाली ऊन तापत होतं, लांब भट्टीची घरघर नेहमीसारखी एकसुरी चालू होती, आणि दीड वर्ष तिला जी भीती होती — दादाला कळेल ही — ती तिनं चाचपून पाहिली तर जागेवर नव्हती. तिच्या जागी दुसरीच भीती होती, मोठी, उघडी, जिच्याकडे पाठ करायला जागाच नव्हती. आपल्याला ती सोसणार नाही असं तिला वाटलं. आणि सोसली नाही तरी आता चालेल, असंही.

"अगं, बोल ना," दादा म्हणाला. "ऐकतोय मी."