भंगारातून परत आलेली पायरी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. माझी कडी अजून एका बोटाने उघडते, आणि गंज म्हणाल तर तो फक्त तळाला, जिथे कुणी बघत नाही.

माझा जन्म म्हैसुरातल्या एका पत्राकामाच्या दुकानात झाला. कारागिराने ठोकून ठोकून माझे कान किटवले, मग हिरवा रंग दिला आणि झाकणावर कमळ काढलं. मला विकत घेतलं खंडोजीरावांनी. त्यांचे वाडवडील म्हैसूरच्या फौजेत होते, ते स्वतः घोडेस्वार पोलिसात. सामान भरण्यातही त्यांची शिस्त दिसे. गणवेश खाली, पट्टा कडेला, बुटांचं पॉलिश डाव्या कोपऱ्यात. बदलीच्या गावी पोचलो की ते आधी माझ्यावर बसून कॉफी घेत. ते दिवस मोठे मानाचे होते.

ते निवृत्त झाले आणि माझ्या पोटात अडगळ शिरली. झाकणं हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या, तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका. माझ्यासारख्या आणखी आठ पेट्या घरात होत्या, त्यांचीही हीच गत. खंडोजीरावांच्या सूनबाई भागीरथीबाई काही टाकूच देत नसत. "असू दे की, लागतंय कधीतरी," हा त्यांचा मंत्र. होता होता मधल्या खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं. माणसं तिरकी होऊन आत जात. भागीरथीबाईंचे यजमान शंभूराव अंगाने चांगले भरलेले, त्यांनी त्या खोलीचा नाद सोडून दिला.

पण नवरात्र आलं की आमची चंगळ असे! म्हैसुरात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात. आमच्या घरी त्या पायऱ्या म्हणजे आम्हीच. नऊ पेट्या, खाली विटा नि पाट घालून उंची कमीजास्त केलेली, वरून पांढरी धोतरं पसरलेली. सगळ्यात वर मी, कारण माझी पाठ सपाट. माझ्यावर भागीरथीबाईंची लाकडी राजाराणी बसत. ही जोडी मुलगी लग्न होऊन येताना माहेराहून आणते. तेव्हा मला वाटे, पोचे पडले तर पडोत, आपल्याइतकं भाग्यवान कुणी नाही.

यंदा घरात नवी सून आली, बन्नूरची वनजा. तीही आपली राजाराणी घेऊन आली. पोर मोठी हुशार आणि नीटनेटकी. श्रावणात भागीरथीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पिरियापट्टणला गेल्या, आणि वनजाने पदर खोचला. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग तिने घातले. लग्नपत्रिका जपून एका पिशवीत ठेवल्या. आम्ही नऊजणी रिकाम्या झालो तेव्हा तिने सासऱ्यांना विचारलं, "मामा, ह्या पेट्या गुजरीला देऊ का?" शंभूराव पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. "सरी, सरी," त्यांनी होकार दिला. झालं! आम्हांला रिक्षात घालून भंगाराच्या दुकानात पोचवलं. मी फार रडले, मित्रांनो. पेटीचं रडणं कुणाला ऐकू येत नाही, एवढंच.

घरी पुढे काय घडलं ते मी नंतर दहा वेळा ऐकलं. घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी भागीरथीबाई परतल्या. मधल्या खोलीचं दार सताड उघडं बघून त्या आत दोन गिरक्या मारून आल्या. "अय्यो, इथं खिडकी पण आहे की गं!" त्या खूश झाल्या. वनजाही फुलली. आपली राजाराणी पुसत तिने विचारलं, "अत्ते, मेट्टिलं कुठं ठेवल्यात? पायऱ्या हो, गोंब्यांच्या. आमच्या बन्नूरला लोखंडी फोल्डिंगच्या होत्या."

भागीरथीबाईंनी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पेट्याच की गं मेट्टिलं!"

वनजाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. दुसऱ्या दिवशी तिची आई लेकीची जोडी बसलेली बघायला येणार होती. "पहिलाच हब्ब, सासरचा पहिला सण, आणि मीच बुडवला," ती म्हणाली. शंभूरावांनी मान खाली घातली. "ती विचारली होती मला. मीच सरी म्हटलो," त्यांनी कबूल केलं. मग चप्पल घालून तेच रिक्षा आणायला धावले.

मी तिकडे दुकानात काय करत होते? भंगारवाला माझ्यावर बसून इडली खात होता. वनजाला बघून तो हसतच उठला. "बन्नी अम्मा, बन्नी! या, या! दसरा आला की दर वर्षी कुणीतरी पेट्या शोधत येतंच. म्हणून मी ह्या दिवसांत पेट्या मोडतच नाही." तुम्ही जरा लवकर दिल्यात, असंही तो म्हणाला. त्यामुळे चौघी आधीच गेल्या होत्या. आम्ही पाचजणी उरलो होतो. वनजाने माझ्या कमळावरून हात फिरवला, तेव्हा मला खंडोजीरावांच्या कॉफीचाही विसर पडला.

त्या दुपारी पाचच पायऱ्या झाल्या. बाहुल्या मात्र नऊ पायऱ्यांच्या! 'असू दे की' म्हणणाऱ्या भागीरथीबाईंनी स्वतः निवड केली. उरलेल्या बाहुल्या त्यांनी शेजारच्या विशालाक्षीला दिल्या, तिच्या घरी यंदा नव्यानेच मांडायच्या होत्या. राहिला प्रश्न माझा. माझ्या पाठीवर जोडी एकच मावते. वनजा आपली जोडी दुसऱ्या पायरीवर ठेवू लागली.

"थांब," भागीरथीबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं माथ्यावर बसलेली आपली राजाराणी त्यांनी उचलून खाली घेतली. "आमच्या राणीचे गुडघे दुखतात आता. तुझी जोडी वर बसव."

आईसमोर दुसऱ्या दिवशी वनजा काय तोऱ्यात वावरली म्हणून सांगू!

मित्रांनो, घर जरूर आवरा. भरल्या घरात माणसांनाच जागा उरत नाही. फक्त वस्तू दाराबाहेर काढण्याआधी घरातल्या थोरांना विचारा, आणि थोरांनो, पोरं विचारतात तेव्हा पेपर खाली ठेवा. जे ठेवाल ते वापरा, पुसा, त्याला नेमकी जागा द्या. वनजाने आता तसंच केलंय. ज्या पायरीवरच्या बाहुल्या, त्याच पेटीत त्या राहतात. माझ्या पोटात दोन्ही राजाराणी शेजारी शेजारी निजतात. सुनेच्या राणीला सासूने आपल्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यात गुंडाळलंय.