पिवळी ज्योत

ताईचा फोन आला तेव्हा धाकटा कुणाच्या तरी जीपखाली आडवा पडला होता.

"बाबा त्या गाडीत बसून आईशी बोलतात," ती म्हणाली. "रोज दुपारी, खिडक्या लावून. मी काही बोलले की अंगावर येतात. तू ये आणि काय ते बघ."

आईला जाऊन वर्ष उलटलं होतं. धाकट्याने हात पुसले, गॅरेजला कुलूप घातलं आणि हत्यारांची पेटी उचलली. गॅरेजवाल्याला घरून बोलावणं आलं की त्याचा हात आधी पेटीकडेच जातो. माणसाचं काही बिघडलं असेल तरी एखादा पाना उपयोगी पडेल, अशी त्याची भाबडी समजूत असते.

ती गाडी म्हणजे घरामागच्या आवारात उभं असलेलं एक धूड होतं. चाकांवरचं घरच ते. आत दोन बाकं, पलंग, छोटा ओटा, बेसिन आणि गॅसवर चालणारा एक फ्रीज. बाबा जन्मभर बसचे ड्रायव्हर, आई त्याच बसवर कंडक्टर. निवृत्त झाल्यावर बाबांनी कुणाच्या तरी भंगारातून ही गाडी ओढून आणली आणि आईला म्हणाले, "आजवर लोकांना फिरवलं, आता आपण फिरू." मग जुन्या गाडीचं जे होतं तेच झालं. छताच्या फटी भरल्या तर पाण्याचा पंप रुसला. पंप बदलला तर ब्रेक धरेनात. ब्रेक होईतो छत पुन्हा गळायला लागलं. "एवढं झालं की निघू," बाबा म्हणायचे. आई दर वेळी डबे भरायची आणि दर वेळी मुकाट्याने रिकामे करायची. ती गेली त्या दिवशीही बाबांच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं, आणि गाडी अजून फाटकाबाहेर पडलेली नव्हती. धाकट्याच्या मनात याचा राग होता. बोलून दाखवला नव्हता इतकंच.

"छत गळतंय म्हणे," आल्या आल्या तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"गळतंय खरं," बाबा म्हणाले. "छत कर, वायरिंग बघ, हवं ते कर. फ्रीजला मात्र हात लावायचा नाही. तो छान चाललाय."

सकाळभर तो टपावर होता. जुनी चिकटपट्टी खरवडून काढली, वाळून भेगा पडलेल्या फटींत नवं सील भरलं. दुपारी ऊन चढल्यावर आत येऊन बाकाखालच्या वायरी बघायला लागला. बाबांनी त्याच्यामागोमाग येऊन दार लावलं. मग एकेक खिडकी सरकवून खिटी घातली, अगदी मन लावून, घरी कुणी यायचं असलं की माणूस चादर नीट करतो तशी. फ्रीजच्या मागे ज्योत पेटल्याचा 'फुप्प' असा आवाज झाला. बाबा समोरच्या बाकावर टेकले आणि ओट्याच्या दिशेने बघत बसले.

धाकट्याचं डोकं जड झालं. उन्हातून आल्यामुळे असेल, त्याला वाटलं. हातातला टेस्टर दोनदा खाली पडला. वायरींचे रंग एकमेकांत मिसळायला लागले. बाबा हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की बघणाऱ्याला परकं वाटावं. तेवढ्यात अगदी त्याच्या मानेमागून कुणीतरी म्हणालं,

"जेवलास का रे?"

तो गर्रकन वळला. मागे नुसती फळी होती. पण आवाज आईचा होता, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. "तिकीट, तिकीट" ओरडून ओरडून घसा बसलेला, शेवटच्या अक्षरावर किंचित चढणारा तोच आवाज. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला. तो धडपडत दार उघडून बाहेर गेला आणि कुंपणाला धरून उभा राहिला. कपाळ ठणकत होतं. मोकळ्या हवेत हळूहळू ते उतरलं, आणि त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर त्याने गाडीच्या बाहेरून फ्रीजमागची जाळी काढली. जाळी काजळीने काळीकुट्ट झाली होती. धूर बाहेर जायच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून ठेवलं होतं, चांगलं टणक, भाजलेल्या विटेसारखं. त्याने फ्रीज पेटवून पाहिला. ज्योत निळी हवी, ती पिवळी होती, मऊ आणि लांब. फ्रीज आणि भिंत यांच्यामधली रबरी पट्टी कुजून गळून पडली होती. बाहेर जायची वाट बुजलेली, आत यायची उघडी.

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून आले तेव्हा त्याने सगळं दाखवलं. "गॅस अर्धवट जळतोय. त्यातून विषारी वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. आधी डोकं जड होतं, मग भास होतात, मग माणूस उठतच नाही. बाबा, तुम्ही रोज विष हुंगत बसता."

बाबांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि काजळी टॉवेलला पुसली. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेला माणूस. त्यांना धूर कळत नव्हता असं कोण म्हणेल?

"फ्रीज पेटला आणि खिडक्या लावल्या की येते," ते म्हणाले. "नाहीतर येत नाही. का येते, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

"एक दिवस मराल."

"बरं," बाबा म्हणाले. कुणी पाण्याचं विचारावं आणि आपण हो म्हणावं, तितक्या सहज.

आता खरं तर क्षणभरही थांबायचं कारण नव्हतं. ते मातीचं घर स्क्रूड्रायव्हरने पाडता आलं असतं. नवी पट्टी पेटीतच होती. पण धाकटा म्हणाला, "पट्टी आणावी लागेल. उद्या करतो. आज तुम्ही आत बसायचं नाही." ताईचा फोन आला तर तिलाही सांगितलं, "काही नाही गं, छतच गळत होतं." तोंडातून खोटं इतकं सफाईने निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रोज लोकांना गाडीच्या धुराबद्दल झापणारा हा शहाणा, आणि डोक्यात एकच घोळत होतं. आईने विचारलं, जेवलास का, आणि आपण उत्तरच दिलं नाही.

दुपारी त्याने बाबांना दुकानात पिटाळलं. काहीतरी फालतू सामान सांगितलं. ते फाटकाबाहेर पडले तसा तो गाडीत शिरला, खिडक्यांच्या खिट्या घातल्या, फ्रीज पेटवला आणि बाकावर बसला.

"जेवलो, आई," तो रिकाम्या ओट्याला म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही. मग ठणका सुरू झाला, मग ठणकाही लांब गेला आणि सगळं मऊ झालं. हात मांडीवर होते, पण परक्याचे वाटत होते. आणि ती आली. दिसली नाही, पण बोलली. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, आधी समजावून, मग कळवळून. उठायला हवं हे त्याला कळत होतं. पाय ऐकत नव्हते.

पुढचं त्याला आठवतं ते असं: दार धाडकन उघडलं, आणि बाबांनी बगलेत हात घालून त्याला पोत्यासारखं खाली ओढलं. तो मातीत पालथा पडून ओकत होता. बाबांनी सिलिंडर बंद केला, आवारातली पहार घेतली आणि आत शिरले. फळ्या फुटल्याचा, पत्रा वाकल्याचा आवाज येत राहिला. एवढ्या वयाचा माणूस, पण त्यांनी तो फ्रीज एकट्याने उखडला आणि दारातून बाहेर लोटून दिला. मग एकेक खिडकी उघडली. एकीची खिटी अडकली होती, ती त्यांनी काचेसकट फोडली.

खाली आले तेव्हा हाताला रक्त लागलं होतं. ते धाकट्याशेजारी मातीतच बसले आणि त्याची पाठ चोळायला लागले, लहानपणी ताप आल्यावर चोळायचे तशी.

"मी मेलो असतो तर चाललं असतं," ते म्हणाले. "तू कशाला बसलास, गाढवा?"

"तुम्ही कशाला बसायचात?"

बाबांनी चाचरत विचारलं, "आली होती?"

"दिसली नाही. बोलली फक्त."

"बोलली?" बाबांचा हात थांबला. "माझ्याशी कधी नाही बोलली. जन्मभर बसमध्ये माझ्या पाठीमागे असायची, नुसता आवाज यायचा. आता उलट. नुसती पाठ दिसायची. मीच बोलत बसायचो. काय म्हणाली?"

धाकट्याला ते सांगायचं नव्हतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून खोटं बोलवेना.

"खिडकी उघड, म्हणाली. खिडकी उघड रे, उघड. तेच तेच."

"ओट्यावरच्या खिडकीशीच उभी असायची," बाबा म्हणाले. "काचेला हात लावून. रोज." त्यांनी रक्ताळलेला हात मातीवर टेकला. "आणि मला वाटायचं, कुठे नेलं नाही म्हणून रागावलीय, तोंड फिरवून उभी राहते."