मुख्य कार्यालय माझ्या पोटात

विषय : बदलीच्या अर्जाची सद्यःस्थिती कळविणेबाबत.

संदर्भ : टंकलेखिका जगदेवी यांचा दि. १९ जून २००६ चा अर्ज व त्यानंतरची चार स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी नम्रपणे सादर करतो की, मी बसवकल्याणातल्या एका सहकारी संघाच्या तालुका कार्यालयातला टपालाचा सर्व्हर बोलतोय. हा अहवाल माझ्याकडं कुणी मागितलेला नाही. माझ्याशी बोलायची रीतच इथं पडलेली नाही. दसऱ्याला माझ्या कपाळी कुंकू लावतात, पुढं लिंबू ठेवतात आणि उरलेलं वर्षभर माझ्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवतात.

मी जन्माचा सर्व्हर नव्हे. आधी साहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर होतो. मी असताना ते पेपर वाचायचे. २००५ साली त्यांना नवा कॉम्प्युटर आला, आता ते त्याच्यासमोर बसून पेपर वाचतात. मी रिकामा झालो आणि प्रेमानंदच्या हाती आलो.

प्रेमानंद हा संघाचा ऑपरेटर. लातूरला शिकलेला, हाताला कायम काहीतरी चाळा असलेला माणूस. कार्यालयात पाच टेबलं आणि टेलिफोनची लाइन एक. ज्याला मेल बघायचा त्यानं दुसऱ्याची वायर काढायची, मग भांडण. आमच्याकडं पत्रं कानडीत लिहितात, भांडणं मराठीत होतात आणि फारच रंगलं तर शिव्या दखनीत देतात. प्रेमानंदनं यावर उपाय काढला. पाचही कॉम्प्युटर निळ्या वायरींनी मला जोडले. प्रत्येकाच्या नावाची एक टपालपेटी माझ्या पोटात केली. आपसातलं टपाल मी लगेच ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचं. बाहेरचं साठवून ठेवायचं आणि दिवसातून दोनदा, अकरा आणि चारला, टेलिफोनवरून पाठवायचं. आठ दिवस तो माझ्यासमोर बसून होता. कार्यालयात माझ्याशी इतका वेळ बसलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

उद्घाटनाच्या दिवशी लाइन मेली. नारळ आला होता, पेढे आले होते, बीदरच्या मुख्य कार्यालयाला पहिला मेल पाठवून दाखवायचा होता. साहेब म्हणाले, मुहूर्त टळता कामा नये. प्रेमानंदनं क्षणभर विचार केला आणि माझ्याच पोटात ‘मुख्य कार्यालय, बीदर’ अशी एक पेटी उघडली. साहेबांनी बटण दाबलं. मी मेल त्या पेटीत टाकला आणि मला शिकवल्याप्रमाणं पडद्यावर लिहिलं : पोचले. टाळ्या झाल्या. बीदर पन्नास मैलांवर नव्हे, गोदरेजच्या कपाटाशेजारीच होतं, हे दोघांनाच माहीत होतं. त्याला आणि मला.

‘उद्या काढतो,’ असं तो माझ्याकडं बघून पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी लाइन आली आणि बाहेरून पहिला मेल आला तो प्रेमानंदच्याच नावाचा. हैदराबादच्या कंपनीनं त्याला बोलावलं होतं. चार दिवसांत तो गेला. जाताना अकरा पानांची टिपणी लिहून ठेवली. सातव्या मुद्द्यात त्या पेटीचा उल्लेख होता, ती ताबडतोब काढावी म्हणून. आवक-जावक बघणारे धोंडप्पा यांनी टिपणीवर शिक्का मारला, नंबर दिला आणि ‘किरकोळ’ या फायलीत लावली. वाचायची का, हे त्यावर कुणी लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मुख्य कार्यालयाच्या नावाचा मेल आला की मी तो बीदरला पाठवत नाही. माझ्याकडंच पेटी आहे, तीत टाकतो आणि पोचल्याचं लिहितो. मी खोटं बोलत नाही. पेटीवर नाव तेच आहे.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण संघाचा मेलवर विश्वास नव्हता. कार्यालयाचं प्रत्येक पत्र मेलनं गेलं तरी मागोमाग कागदावर, रजिस्टरनं जायचं. अपवाद एकच. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या अर्जांना संघाचं पोस्टेज मिळायचं नाही. ते फक्त माझ्यामार्फत जायचे. म्हणजे जायचे नाहीत.

जगदेवी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. चाळिशीची, कमी बोलणारी, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारी. तिचं गाव भालकी तालुक्यातलं मेहकर. तिथं तिची आई कोंडाबाई एकटी. चार शेळ्या, एक खोली आणि दिवसेंदिवस कमी होत चाललेली नजर. भाऊ मल्लेश पुण्याला कारखान्यात. जगदेवीला भालकीच्या शाखेत बदली हवी होती. तिथून रोज संध्याकाळच्या बसनं आईकडं जाता आलं असतं. एवढंच मागणं. १९ जून २००६ ला तिनं अर्ज टाइप केला, तीनदा वाचला आणि माझ्याकडं दिला. मी लिहिलं : पोचले. धोंडप्पांनी त्याचा कागद काढून शिक्का मारला आणि तिला दिला. ‘ही पोच. जपून ठेव. आता महिन्याभरात होतंय बघ.’

फोन माझ्याच टेबलावर असतो. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती मेहकरच्या किराणा दुकानात फोन लावायची आणि दुकानदार कोंडाबाईला बोलावून आणायचा. म्हातारी कानाला फोन लावून ओरडायची, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. आधी शेळ्यांची खुशाली, मग एकच प्रश्न.

‘कागद आला का गं?’

‘न्हाई आला अजून. येतंय की.’

‘कामून येईना? त्यांस्नी म्हणावं, आईला चूल दिसंना गेलीय.’

तो कागद माझ्यात होता. दोघींच्या बोलण्यापासून हातभर अंतरावर. मला दर गुरुवारी पोटातला पंखा फिरवण्यापलीकडं काही करता यायचं नाही.

पहिलं स्मरणपत्र सहा महिन्यांनी गेलं. पोचले. दुसरं वर्षानं. पोचले. अर्जाची आणखी एक प्रत स्वतःच्या खर्चानं पोस्टात टाकू का, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा धोंडप्पा दुखावले. पोच असताना पुन्हा अर्ज करणं म्हणजे पोचेवर अविश्वास, आणि पोचेवर शिक्का त्यांचा.

‘अक्का, बत्तीस वर्सं शिक्का मारायलाव मी. माझी पोच कधी खोटी ठरली न्हाई.’

शेवटी २००८ च्या दिवाळीआधी ती रजा टाकून स्वतःच बीदरला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं धोंडप्पांना हकिकत सांगितली ती अशी. तिथल्या कारकुनानं तीन कपाटं बघितली, अर्ज मिळाला नाही. मग तिनं पोच दाखवली. पोच बघून तो निवांत झाला. पोच आहे म्हणजे अर्ज इथं आहेच, कुठंतरी साहेबांच्या टेबलावर असेल, असं म्हणून त्यानं वहीत ओळ ओढली आणि तिच्या नावापुढं ‘प्रलंबित’ लिहिलं.

‘लिहिलं ना?’ धोंडप्पा म्हणाले. ‘मग झालं की काम. वहीत चढलं म्हणजे अर्धी बदली झाली.’

ती हसली नाही. माझ्यावरचा गठ्ठा थोडा सरकवून तिनं पोच परत पर्समध्ये ठेवली. जो अर्ज कधी पोचलाच नाही, तो दोन वर्षांनी तिथं प्रलंबित झाला. अशी प्रगती माझ्यासारख्या यंत्राला कळायला वेळ लागतो.

तिसरं स्मरणपत्र गेलं, चौथं गेलं. २०१० च्या मे महिन्यात एका गुरुवारी तिनं फोन लावला तेव्हा दुकानदारानं कोंडाबाईला बोलावलं नाही. म्हातारी चुलीजवळ पडली होती, हात भाजला होता. मल्लेश आला, शेळ्या विकल्या, घराला कुलूप लावलं आणि आईला पुण्याला घेऊन गेला. आता जगदेवी पुण्याला फोन लावते. तिथं दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, खाली उतरायचं म्हणजे कुणी हात धरावा लागतो. पहिल्या फोनला कोंडाबाई ओरडली नाही. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, फक्त जगदेवीचं ऐकू आलं.

‘व्हय आई. न्हाई. आता कागदाचं काय करायचं, राहू दे.’

दुपारनंतर तिनं नवा अर्ज टाइप केला : माझा १९ जून २००६ चा बदलीचा अर्ज रद्द समजावा. धोंडप्पांनी चष्मा वर करून बघितलं. चार वर्षं झगडून आता कामून मागं घ्यायलीस, असं त्यांनी विचारलं.

‘आता बदली आली तर अण्णा, भालकीहून रोज कुणाकडं जाऊ मी?’

तो अर्जही तिनं माझ्याकडं दिला. मी तो त्याच पेटीत टाकला. पोचले, असं लिहिलं. धोंडप्पांनी पोच काढली, पण त्या दिवशी शिक्का मारताना त्यांनी तो दोनदा शाईत बुडवला आणि कागदावर जरा वेळ धरून ठेवला.

गेल्या साली ब्रॉडबँड आलं. आता पाचही टेबलांचं टपाल परस्पर जातं-येतं, निळ्या वायरी कुणीतरी गुंडाळून खिडकीत ठेवल्या. धोंडप्पा निवृत्त झाले. मला मात्र बंद केलेलं नाही. आतलं टपाल गेलं तर जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नाही, म्हणून माझ्या अंगावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. अकरा वाजता आणि चार वाजता मी सवयीनं टेलिफोन उचलायला जातो. वायर नाही.

विनंती एवढीच की, हा अहवाल ज्याच्या हाती पडेल त्यानं एकदा माझ्यासमोर बसावं आणि ‘मुख्य कार्यालय, बीदर’ ही पेटी उघडावी. कार्यालयाची पत्रं सोडली तर आत सत्तेचाळीस अर्ज आहेत. त्यांतले सहा कागद जगदेवीचे. ती आजही शेजारच्याच टेबलावर बसते, गुरुवारी फोन करते आणि कप विसळून ठेवते.

सद्यःस्थिती : अर्ज एक, स्मरणपत्रे चार, अर्ज रद्द करण्याचा अर्ज एक. सर्व सुरक्षित. अद्याप कुणी वाचलेले नाहीत. प्रकरण प्रलंबित आहे.