अठरा गावांचा एकच पर्जन्यमापक

मित्रांनो, सरकारी कचेरीच्या आवारात तुम्ही मला पाहिले असेल, तर पत्र्याचा एक डबा एवढेच तुम्हाला वाटले असेल. मी जुना पर्जन्यमापक आहे. उंब्रजच्या एका वर्कशॉपात आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी घडलो. तो कोयनानगरच्या धो धो पावसात गेला आणि मी सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागात आलो.

वर नरसाळे, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला कोतवाल भाऊसो बाटलीतले पाणी मोजून वहीत आकडा लिहायचे. आजूबाजूच्या अठरा गावांचा पाऊस त्या एका आकड्यावरून ठरायचा. भाऊसो मला धोतराच्या सोग्याने पुसायचे. या मापकाची नोंद कधी चुकत नाही, असे तालुक्याचे साहेब म्हणायचे, तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

पूर्वी पाऊस सगळ्या माळावर मिळून पडायचा. नव्वद सालानंतर त्याची रीतच बदलली. महिना महिना आभाळ कोरडे राहायचे आणि मग एखादा ढग एकाच गावावर रिकामा होऊन जायचा.

एका सप्टेंबरात असा ढग माझ्यावर फुटला. तासाभरात एकसष्ट मिलिमीटर. तीन कोसांवरच्या सिद्धार्थनगर या बौद्ध वस्तीवर मात्र थेंबही पडला नाही. नियमाप्रमाणे अठराही गावांत पाऊस झाला होता. पाऊस झाला म्हणून चौथ्या दिवशी वस्तीला पाणी आणणारा सरकारी टँकर बंद झाला. वस्तीच्या मूळ गावात बागायतदारांच्या विहिरी होत्या. वस्तीला तळ गाठलेला एकच आड होता.

वस्तीवरच्या भामाबाई चार बायकांना घेऊन चालत आल्या. कारकुनाने त्यांना वहीतला आकडा दाखवला. त्या माझ्याजवळ आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आवं सायेब, ह्यो डबा हितं हाय, आमी तितं ऱ्हातो. ह्यातलं पानी आमच्या घागरीत कसं यील?"

वस्तीवरही एक मापक बसवा, असा अर्ज त्यांनी दिला. तिकडे पाऊस नाही, असा शेरा लिहू का, असे भाऊसोंनी विचारले. वहीत शेऱ्याचा रकानाच नाही, असे कारकुनाने सांगितले.

भामाबाईंची सून आम्रपाली त्या बायकांच्या मागे उभी होती. तिने भाऊसोंना हळूच विचारले, "मोजून झाल्यावर पानी काय करता?"

"वतून देतो," भाऊसो म्हणाले.

ती ओतलेल्या जागेकडे नुसती बघत राहिली.

पाच दिवसांनी आम्रपाली दोर धरून आडात उतरली. तळाचे पाणी वाटीने भरत असताना वरची दरड ढासळली. बाहेर काढेपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्याच दिवशी टँकर सुरू झाला. वहीत माझा आकडा तोच होता. मग तो आधीच का सुरू झाला नाही, हे मला कुणाला विचारताही आले नाही. मी खोटे बोललो नव्हतो, तरी माझ्याच खरेपणाने तिचा जीव गेला, असे वाटून मी आतल्या आत फुटत राहिलो.

भाऊसो निवृत्त झाले. वस्तीवर मापक बसला नाही. आता माझ्या नरसाळ्यात पाचोळा अडकला आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी त्या कचेरीतल्या खुर्चीवर बसेल. माझी बाटली स्वच्छ ठेवा, आकडा खरा लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. उठा, तीन कोस जा आणि त्यांच्या आडात वाकून बघा. मला चालता येत नाही. तुम्हाला येते.